रमाबाई रानडे : एका विद्यार्थिनीचे चरित्र



गेल्या वार्षिक सभेनंतर आपल्या संस्थेच्या चिटणीसांनी मजकडे येऊन, यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, अशी इच्छा प्रदर्शित केली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. पस्तीस वर्षे खडू-फळ्याच्या संगतीत काढून निवृत्त झालो. थोरांची चरित्रे लिहिण्यास जी विद्वत्ता लागते ती मजपाशी नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. परंतु नकार ऐकून घेण्याची आपल्या चिटणीसांना सवय नाही, हे सभासदांस ठाऊकच आहे. तेव्हा मनात असा विचार आला की, थोर पुरुषाचे चरित्र आपल्या आवाक्याबाहेरचे असले, तरी एका विद्यार्थिनीचे चरित्र लिहिणे शाळामास्तरास साधावे. म्हणून कै. रमाबाई रानडे यांची निवड केली.

या निवडीस एक निकटचे कारणही घडले. संस्थेच्या सभागृहात दर रविवारी सकाळी मी मुलांचा वाचनवर्ग घेतो. त्या वर्गात सातव्या इयत्तेतील एक मुलगी येते. धडा वाचावयास दिला, तर कोठेही न अडखळता, स्वल्पविराम व पूर्णविराम सांभाळून ती पानेच्या पाने वाचून दाखविते. मात्र पुस्तक मिटावयास लावून, आताच जे वाचले ते स्वतःच्या शब्दांत सांग म्हटले, की तिच्या तोंडातून अक्षर फुटत नाही. अक्षरांशी तिची ओळख पक्की आहे, शब्दांशी नाही. यात तिचा दोष यत्किंचितही नाही. शाळेतले शब्द घरात कोणी उच्चारीत नाही, आणि घरातले शब्द शाळेत उपयोगी पडत नाहीत. मग वाचलेल्या शब्दाला धरावयास जागाच उरत नाही. तिला कसे शिकवावे, या विवंचनेत असता रमाबाईंचे आठवणींचे पुस्तक पुन्हा हाती घेतले. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका शिकवणीची ती हकीकत आहे, हे तारुण्यात ते पुस्तक वाचताना माझ्या ध्यानातच आले नव्हते. तेव्हा माझे सारे लक्ष न्यायमूर्ती रानडे यांच्याकडे लागून राहिले होते.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. ते गाव त्या वेळी सातारा जिल्ह्यात मोडत असे. हल्ली ते सांगली जिल्ह्यात आहे. माहेरचे आडनाव कुर्लेकर, आणि नाव यमुना. घर खाऊनपिऊन सुखी व धर्मनिष्ठ होते; परंतु मुलींस लिहावयास-वाचावयास शिकविण्याची रीत तेथे नव्हती. तशी ती त्या काळी बहुतेक कोणत्याच घरात नव्हती. अकरा वर्षांची होईपर्यंत यमुनेच्या हाताला पाटी-पेन्सिलीचा स्पर्श झाला नव्हता. व्रते, कहाण्या, स्तोत्रे, थोरामोठ्यांच्या तोंडची बोलणी एवढेच तिचे शब्दभांडार. ते लहान होते असे मात्र कोणी समजू नये. ऐकून ऐकून भाषा किती साठते, याची कल्पना पुस्तकावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना सहसा येत नाही.

१८७३ च्या डिसेंबरात तिचा विवाह पुण्याचे सबजज्ज माधवराव गोविंद रानडे यांच्याशी झाला. माधवरावांचे वय त्या वेळी एकतीस पूर्ण होऊन बत्तिसाव्याकडे झुकले होते. त्यांची पहिली पत्नी त्याच वर्षी निवर्तली होती. विधवाविवाहाचे ते कट्टर पुरस्कर्ते. तेव्हा दुसरा विवाह ते एखाद्या विधवेशीच करणार, अशी त्यांच्या सुधारक मित्रांची अपेक्षा होती, आणि नेमकी हीच धास्ती त्यांच्या वडिलांस होती. वडिलांनी घाईघाईने स्थळ पाहून विवाह उरकून घेतला आणि माधवरावांनी वडिलांचा शब्द मोडला नाही. याबद्दल सुधारकांनी त्यांना पुष्कळ दूषणे दिली, आणि ती अगदीच अस्थानी होती असे मला वाटत नाही. अकरा वर्षांची मुलगी व बत्तिशीतला वर हा विवाह आजच्या कायद्याने गुन्हा ठरेल. त्या काळी तो रिवाज होता. हे सत्य बाजूला सारून पुढची गोड हकीकत तेवढी सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पुण्याच्या घरी आल्यावर पहिल्याच रात्री माधवरावांनी त्या मुलीस जवळ बसवून विचारपूस केली. आपले लग्न कोणाशी झाले हे तुला माहीत आहे काय, त्याचे नाव तुला ठाऊक आहे काय, असा पहिला प्रश्न होता. लोकांच्या तोंडून ऐकलेले नाव तिने जसेच्या तसे सांगून टाकले. पुढचा प्रश्न लिहिण्यावाचण्याचा. त्याचे उत्तर नकारार्थी आले. त्याच रात्री पाटी-पेन्सिल निघाली आणि मुळाक्षरांस आरंभ झाला. ज्याने कधी पेन्सिल धरली नाही अशा मुलाकडून पहिली चार-सहा अक्षरे घटवून घेताना किती वेळ जातो व शिकविणाराचा जीव कसा मेटाकुटीस येतो, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. दिवसभर न्यायासनावर बसून, शिवाय सार्वजनिक सभेची व प्रार्थनासमाजाची कामे उरकून आलेला हा मनुष्य रात्री अ-आ-इ-ई गिरवून घेत बसला. पंधरवड्याच्या आत-बाहेर मुळाक्षरे व बाराखड्या पार पडल्या, आणि मग मराठी शाळांची क्रमिक पुस्तके सुरू झाली. माहेरची यमुना आता रमा झाली होती. यापुढे तिला रमाबाई म्हणू.

दिवसा शिकविण्यासाठी पुण्याच्या फीमेल ट्रेनिंग कॉलेजातील शिक्षिकेची योजना झाली, आणि रात्रीचा पाठ माधवरावांनी स्वतःकडे ठेवला. येथपर्यंतची हकीकत बहुतेकांस ठाऊक असते. थोर पतीने अशिक्षित पत्नीस शहाणे केले, एवढ्या एका वाक्यात रमाबाईंचे चरित्र संपविण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. परंतु शिकवणी दोघांची असते. शिकविणाराने दोन तास दिले, तर शिकणाराने उरलेले बावीस तास ते सांभाळावयाचे असतात. ते बावीस तास रमाबाईंनी कोठे व कसे काढले, हे पाहिल्यावाचून या शिकवणीची किंमत कळावयाची नाही.

रानड्यांचे कुटुंब मोठे. घरात सावत्र सासू, नणंद, आत्येसासू, नात्यातल्या आणखी वडील बायका, त्यांपैकी कित्येक विधवा. पुरुषांचे राज्य माडीवर, आणि बायकांचे माजघरात. माडीवर जे पुण्य, ते माजघरात पाप! सुनेने वाचावे, मोठ्याने कविता म्हणावी, पुढे तर इंग्रजी शिकावे, हे त्या वडील बायकांस घराण्याच्या अब्रूवर घाला घातल्यासारखे वाटे. रमाबाईंस त्या टोमणे मारीत, वाचण्याच्या नकला करीत, कामांत व बोलण्यात वेगळे पाडीत. पुरुषांनी काहीही सांगितले तरी बाईने ते मनावर न घेता टाळीत राहावे, म्हणजे पुरुष आपोआप कंटाळतो, असा उपदेशही मिळे. एकदा इंग्रजी छापलेल्या कागदाचा कपटा हाती आला असता रमाबाई तो वाचू लागल्या. ते दृष्टीस पडताच केवढा गहजब झाला! इंग्रजी पानावरचे शब्द लागतात की नाही, हे पाहण्याचा मोह नव्या वाचकाला आवरत नाही. दुकानांच्या पाट्या, पुडीचे कागद, जे दिसेल ते तो वाचीत सुटतो. वाचन अंगी मुरू लागल्याची तीच खूण असते. रमाबाईंच्या वाट्यास त्या खुणेबद्दल शिक्षा आली.

या जाचाविषयी रमाबाईंनी पतीजवळ गाऱ्हाणे केले नाही, आणि पतीनेही माजघरात उतरून कोणास चार शब्द सुनावले नाहीत. सहन कर, उलट उत्तर करू नकोस, असाच त्यांचा उपदेश असे. माधवरावांच्या शांतवृत्तीचा हा नमुना म्हणून चरित्रकार याचा गौरव करितात. मला येथे चरित्रकारांशी सहमत होता येत नाही. ज्याने विद्यार्थ्याला वाटेस लावले, त्याने वाटेतील काटे वेचण्याचा थोडा भार उचलावयास हवा होता. वडील बायकांचा मान राखण्याचे पुण्य माधवरावांनी जोडले, पण त्याची किंमत एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने भरली. त्यांची स्वतःची नाराजीही मौनातूनच प्रकट होई. बोलत नसत, रागावत नसत, आणि त्या न बोलण्यानेच रमाबाईंचा जीव कासावीस होई.

त्याच काळात पत्नीला शिकविणारे आणखी काही पती महाराष्ट्रात होते, त्यांच्याशी तुलना केल्यास मात्र माधवरावांचे पारडे जड होते. जोतीराव फुले यांनी सावित्रीबाईंस घरी शिकविले, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढून त्यांना शिक्षिका केले. तो तर पाया घालणारांचा मान. गोपाळराव जोशी यांनी आनंदीबाईंस शिकविले, त्या अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, निवर्तल्या. पण गोपाळरावांच्या शिकवणीत मारही होता. अभ्यास टाळला म्हणून त्या कोवळ्या मुलीने मार खाल्ला. माधवरावांच्या घरात अभ्यासासाठी हात उगारला गेला नाही. मारून पाठ होते, अर्थ कळत नाही, हे मला माझ्या नोकरीच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतच कळावयास हवे होते. ते कळण्यास त्याहून फार अधिक वर्षे लागली. असो.

माधवरावांची बदली प्रथम नाशिकास व नंतर १८७९ मध्ये धुळ्यास झाली. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे ते दिवस. सरकारचा माधवरावांवर संशय होता, व धुळ्यास त्यांची पत्रेसुद्धा फोडून पाहिली जात. माधवरावांच्या चरित्रात हा काळ कसोटीचा म्हणून गणला जातो. रमाबाईंच्या शिक्षणाच्या दृष्टीने पाहता हीच वर्षे भाग्याची ठरली. पुण्याचे माजघर मागे राहिले होते. आता संसार त्यांच्या हाती आला, घरखर्चाचा हिशेब रोजच्या रोज लिहिण्याचे काम आले, आणि इंग्रजीचा पाठ कोणाच्या कानांची भीती न बाळगता मोठ्याने म्हणता येऊ लागला.

इंग्रजीच्या पाठाविषयी येथे थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. मराठी शिकताना रमाबाईंस अक्षर नवे होते, पण शब्द ओळखीचे होते. नदी हे अक्षरांत ओळखले की कृष्णेचे पात्र डोळ्यांपुढे उभे राही. इंग्रजीत अक्षरही नवे, शब्दही नवा, वाक्यातील पदांचा क्रमही उलटा. मोलस्वर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला होता खरा, परंतु कोश उघडून प्रतिशब्द लिहून काढल्याने वाचन येत नाही. एका शब्दापुढे चार अर्थ दिलेले असतात, त्यांतील कोणता येथे लागू आहे, हे वाक्याचा भाव कळल्याखेरीज ठरत नाही. आणि शब्द कळल्याखेरीज वाक्याचा भाव कळत नाही. हा पेच सोडविण्यास जवळ बसलेला मनुष्य लागतो. त्याने वाचावे, हिने वाचावे. अडले तेथे थांबावे. अर्थ लगेच सांगून न टाकता मागच्या-पुढच्या ओळीकडे बोट दाखवावे. आणि शेवटी वाचलेले आपल्या भाषेत सांगावयास लावावे. दुसरी युक्ती माझ्या पाहण्यात नाही. माधवरावांचे डोळे अधू होते. त्यामुळे वर्तमानपत्रे व पुस्तके दुसऱ्याकडून वाचवून घेण्याची त्यांना गरज पडे, आणि रमाबाई जसजशा तयार होत गेल्या तसतसे ते काम त्यांच्याकडे येत गेले. वाचून दाखविणे हा मग केवळ पाठ राहिला नाही. ते घरातील आवश्यक काम झाले. शब्द चुकला तर ऐकणाराचे अडते, ही जाणीव असली की वाचणारा अर्थाकडे लक्ष देऊन वाचतो. आमच्या रविवारच्या वर्गातील मुलगी कोणाचेही अडलेले नसताना वाचीत असते.

१८८१ साली रानडे दांपत्य पुण्यास परतले. फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख मिस हरफर्ड यांच्याकडे रमाबाईंचे पुढील इंग्रजी शिक्षण चालू झाले. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन झाला, व आमच्या चरित्रनायिका त्याच्या सभांना जाऊ लागल्या. तिकडून घरी परतताच माजघरातील वागणूक पूर्ववत, किंबहुना अधिक कडक झाली. वडील बायकांचा राग आता परक्या संगतीमुळे दुणावला होता.

या सर्वांचा कळस १८८४ साली झाला. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल व्हावे म्हणून सभा भरली, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर मागणी मांडावयाची होती, आणि ती इंग्रजीत वाचून दाखविण्याचे काम रमाबाईंकडे आले. वय बावीस. अकरा वर्षांपूर्वी पेन्सिल धरता न येणारी मुलगी भर सभेत, गोऱ्या अधिकाऱ्यांपुढे, परक्या भाषेत उभी राहून बोलली. त्याच वर्षी सप्टेंबरात ते हायस्कूल निघाले. हुजूरपागा या नावाने पुणेकर त्यास ओळखतात. त्या दिवशी सभेतून घरी आल्यावर रमाबाईंच्या वाट्यास काय आले, ते वाचकांनी ताडले असेलच. माडीवर अभिनंदन, आणि खाली आयुष्यातील सर्वांत कठोर बोलणी. रमाबाई त्याही रात्री नेहमीप्रमाणे खालच्या कामांत लागल्या.

मला स्वतःला त्यांच्या चरित्रात जो प्रसंग सर्वांत प्रिय आहे, तो कलकत्त्याचा. १८८६ साली सरकारने खर्च कमी करण्यासाठी फायनान्स कमिटी नेमली, तिच्यावर माधवरावांची नियुक्ती झाली, आणि त्या कामासाठी उभयतांस कलकत्त्यास राहावे लागले. दाराशी बंगाली वर्तमानपत्र विकावयास आले, तर घरात कोणासच ते वाचता येईना. ज्या शहरात आपण राहतो तेथील कागद आपल्याला वाचता येऊ नये, याची माधवरावांना खंत वाटली. त्यांनी बंगालीची पुस्तके विकत आणली. दुसरे दिवशी सकाळी बाहेरून बोलण्याचा आवाज येऊ लागला, म्हणून रमाबाईंनी पाहिले. श्मश्रू चालली होती, आणि माधवराव हातातील बंगाली पुस्तकातील शब्दांचे उच्चार व अर्थ न्हाव्यास विचारीत होते. न्हावीही वस्तरा सांभाळून उत्तरे देत होता. आपल्या पतीने नवा गुरू चांगला शोधून काढला, अशी थट्टा रमाबाईंनी केली. त्यावर श्रीदत्तात्रेयाच्या चोवीस गुरूंचा दाखला देऊन माधवरावांनी त्यांना निरुत्तर केले. मग जेवढे न्हाव्याकडून मिळाले तेवढे ते रमाबाईंस शिकवू लागले, आणि कलकत्ता सोडण्यापूर्वी रमाबाई बंगाली वाचू लागल्या.

यात विनोद आहे खरा, पण भाषा शिकविण्याचे मर्मही आहे. बंगालीतील निम्मे शब्द संस्कृतातून आलेले, म्हणजे मराठी माणसास पुस्तकातून सहज कळणारे. अडचण पडते ती लिपीची, उच्चाराची आणि रोजच्या व्यवहारातील शब्दांची. लिपी पुस्तकातून येते. उच्चार व व्यवहाराचे शब्द ज्याच्या तोंडी ती भाषा रात्रंदिवस आहे त्याच्याकडूनच घ्यावे लागतात. त्या कामास न्हाव्याहून योग्य शिक्षक कलकत्त्याच्या विद्यापीठातही सापडता ना. आणखी एक गोष्ट अशी की, या वेळी शिक्षक स्वतः विद्यार्थी होता. आदल्या दिवशी आपण कोठे अडलो हे ज्याला आठवते, तो दुसऱ्याला सोप्या वाटेने नेतो. सार्वजनिक सभेचे आधारस्तंभ, प्रख्यात न्यायाधीश, पंचेचाळिशीचे गृहस्थ. पण नाव्या-गड्याकडून शब्द विचारून घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, आणि ते पत्नीने पाहिले. इतक्या वर्षांच्या शिकवणीत रमाबाईंनी जे पाठ घेतले, त्यांत या पाठाची बरोबरी दुसरा कोणता करील असे वाटत नाही.

येथे माझी एक लज्जास्पद गोष्ट सांगतो. माझी पत्नी माझ्या घरी आली तेव्हा तिचे शिक्षण सातवीपर्यंत झाले होते व पुढे शिकण्याची तिला हौस होती. मी रोज रात्री चाळीस-पन्नास मुलांच्या वह्या तपाशीत असे. ती दिवा पुढे सरकवून देई व निजावयास जाई. तिला जवळ बसवून एक पान वाचून घ्यावे, असे पस्तीस वर्षांत माझ्या मनात आले नाही. निवृत्तीनंतर आम्ही दोघे रात्री अर्धा तास वाचू लागलो. रमाबाईंचेच पुस्तक वाचावयास घेतले. पहिल्या दिवशी ती वाचीत असता जुन्या वळणाचे कित्येक शब्द मला अडले, आणि तिला अडले नाहीत. ते तिच्या आजीच्या तोंडचे होते.

१८९३ साली माधवराव मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले व कुटुंब मुंबईस आले. तेथे रमाबाईंनी हिंदू स्त्रियांचा क्लब चालवून भाषा, सामान्य ज्ञान, शिवण अशा विषयांचे वर्ग घेतले. १६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव निवर्तले. रमाबाईंस चाळिसावे वर्ष लागावयास थोडेच दिवस उरले होते. पुढचे सुमारे एक वर्ष त्यांनी घराबाहेर पाऊल टाकले नाही. त्यांच्या जागी दुसरी कोणी असती, तर उरलेले आयुष्य पुण्याच्या त्या माजघरात, ज्या विधवा बायकांचा जाच सोसला त्यांच्याच रांगेत बसून काढावे लागले असते. शिक्षणाने रमाबाईंचा जाच वाचविला नाही, उलट वाढविला. पण त्या रांगेतून त्यांना उठविले ते शिक्षणानेच.

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, त्याचे अध्यक्षपद रमाबाईंनी स्वीकारले. पुढच्या वर्षी, १९०९ साली, गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्याचे सेवासदन त्यांच्या स्वतःच्या राहत्या वाड्यात सुरू झाले. प्रौढ स्त्रियांचे वर्ग, शिक्षिका तयार करण्याचे वर्ग, परिचारिकेच्या शिक्षणाची सोय असा त्याचा विस्तार होत गेला. येणाऱ्या स्त्रियांत विधवा व परित्यक्ता पुष्कळ. मोठ्या वयात प्रथमच पाटी हाती घेणाऱ्या. ज्या घरात कागदाचा कपटा वाचला म्हणून गहजब झाला होता, त्या घरातील सुनेने आपल्या वाड्यात बायकांकडून मुळाक्षरे गिरवून घेतली. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांकडेही त्या जात. पुढे पुणे शहरात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न निघाला, तेव्हा ते मुलांपुरतेच न ठेवता मुलींनाही लागू करावे, म्हणून त्यांनी मोठी चळवळ केली. या कामांची तपशीलवार माहिती इतरत्र मिळेल, म्हणून येथे विस्तार करीत नाही.

१९१० साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. नाव ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. मराठी गद्यात स्त्रीने लिहिलेल्या आत्मकथनपर पुस्तकांत त्याचे स्थान फार वरचे आहे, आणि अकराव्या वर्षी मुळाक्षरे गिरविलेल्या लेखणीचे ते आहे. त्यात एक गोष्ट वाचकाच्या नजरेत भरते. पतीचा उल्लेख करताना रमाबाई बहुतेक ठिकाणी ‘स्वतः’ एवढाच शब्द योजितात. पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर झाले, तेव्हा त्याचे नावही त्याच अर्थाच्या इंग्रजी शब्दाने ठेवण्यात आले. पहिल्या रात्री ज्या मुलीने नवऱ्याचे नाव ठणठणीत सांगून टाकले, तिने पुढे साऱ्या पुस्तकात ते नाव राखून ठेवले. माजघराची रीत त्यांनी अशी शेवटपर्यंत पाळली. मात्र त्याच पुस्तकात माजघरात काय घडले ते सगळे स्वच्छ लिहून ठेवले, आणि वडील बायकांविषयी लेखणी कडू होऊ दिली नाही.

१९२४ साली पुण्यास रमाबाईंचे देहावसान झाले. १९६२ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. आमच्या वडिलांनी ते एका जुन्या पाकिटावरून काढून माझ्या वहीत चिकटविले होते.

रविवारच्या वर्गातील त्या मुलीस मी आता मोठ्याने वाचावयास लावीत नाही. तिच्या आजीच्या डोळ्यांचे मोतिबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून तिला बारीक टाइप दिसत नाही. तेव्हा रोज संध्याकाळी आजीस वर्तमानपत्रातील एक बातमी वाचून दाखवावी, आजी विचारील त्या शब्दाचा अर्थ सांगावा, आणि न आल्यास तो शब्द वहीत लिहून रविवारी आणावा, असे काम तिला लावून दिले आहे. पहिल्या रविवारी वहीत सव्वीस शब्द होते. त्यांपैकी चार मलाही सांगता आले नाहीत.

रमाबाईंच्या पुस्तकाची प्रत आपल्या संस्थेच्या वाचनालयात आहे. सभासद कुटुंबांनी, विशेषतः भगिनींनी, ती अवश्य न्यावी. सध्या ती माझ्या घरी असून आमच्या मंडळींचे वाचन कलकत्त्यापर्यंत आले आहे. संपताच ग्रंथपालांकडे जमा करीन.